धुण्याचा साबण शाळेतच तयार व्हावा

वसतिगृहाच्या मासिक खर्चात धुण्याच्या साबणाची नोंद लहानशी असते, त्यामुळे तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. माझे मत असे की, हा साबण वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनी शाळेतच तयार करावा. त्यातून पैसे वाचतील, असा माझा दावा नाही. तेलाचे भाव पाहता हाताने केलेली वडी बाजारातील वडीपेक्षा महागही पडू शकेल.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी गावोगावी परीट आपले कपडे धूत नसे, सार्वजनिक पाणवठ्यास हात लावण्याची मुभा नसे. आणि पाणी नाकारणारेच पुन्हा आपल्याला मळके म्हणून हिणवीत. 20 जुलै 1942 रोजी नागपूर येथे भरलेल्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ राहण्याचा उपदेश केला, तो हे ध्यानी ठेवून समजून घ्यावा लागतो. त्या उपदेशाचे वारसदार असलेल्या मुलांना कपडे स्वच्छ होतात ते नेमके कशामुळे, हे माहीत नसावे, ही गोष्ट मला खटकते.

साबणाची कृती म्हणजे रसायनशास्त्राचा चालताबोलता पाठ होय. तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून साबण व ग्लिसरीन निर्माण होते. एक किलो खोबरेल तेलास सुमारे 183 ग्रॅम सोडा लागतो, शेंगदाणा तेलास मात्र सुमारे 135 ग्रॅमच. सोडा अधिक झाला तर वडी हात जाळते, कमी झाला तर तेलकट राहते. मूठ-पसा येथे चालत नाही, तराजूच हवा. अचूकपणाचे महत्त्व याहून लवकर पटवणारा दुसरा प्रयोग मला तरी ठाऊक नाही. शिवाय खोबरेल तेलाचा साबण जड पाण्यातही बऱ्यापैकी फेसाळतो. ज्यांच्या शाळेत बोअरचे पाणी येते आणि पांढरे सदरे दोन महिन्यांत राखाडी होतात, त्यांना याचे मोल कळेल. अशा पाण्यात आधी थोडा धुण्याचा सोडा टाकला, तर साबणही कमी लागतो.

पालकांची भीती अनाठायी नाही. कॉस्टिक सोडा डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून नववीच्या खालील मुलांना त्याजवळ फिरकू देऊ नये. चष्मा, हातमोजे आणि विज्ञानशिक्षकांची उपस्थिती यांत सवलत नसावी. सोडा पाण्यात टाकावा, पाणी सोड्यावर कधीही ओतू नये. भांडे स्टीलचे असावे. ॲल्युमिनियमचे पातेले सोड्याने खाल्ले जाते आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू बाहेर पडतो. एवढी शिस्त पाळणे ज्या शाळेला शक्य नसेल, तिने हा उद्योग करूच नये.

आणखी एक आग्रह. हे काम मुलींच्या हस्तकलेच्या तासिकेत ढकलले जाऊ नये. वसतिगृहात मुलगे आपले कपडे आपण धुतात; सुटीत घरी गेल्यावर तेच कपडे आईपुढे किंवा बहिणीपुढे येऊन पडतात. सोडा मोजणे, घोटणे, साच्यात ओतणे, वड्या कापणे या सर्व कामांची पाळी दोघांवरही सारखीच यावी.

येत्या जूनमध्ये आरंभ करावयाचा, तर पहिला घाणा एक किलो तेलाचाच असावा. वड्या सावलीत, हवेशीर फळीवर चार आठवडे वाळू द्याव्यात आणि पहिली वडी शिक्षकांनी स्वतःच्या रुमालावर वापरून पाहावी.