चौसष्ट घरांचा हिशेब

सांगली ही बुद्धिबळाची पेठ. भाऊसाहेब पडसलगीकरांनी येथे खेळाडू घडविले. भाग्यश्री साठे, म्हणजे आताच्या ठिपसे, येथल्याच. तेव्हा पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असा दरघरी दुप्पट गहू राजाकडे मागणाऱ्या हुषार माणसाची गोष्ट सांगलीकरांना सांगणे म्हणजे साताऱ्याच्या हलवायाला कंदी पेढ्यांची कृती सांगणे!

गोष्ट सारेच सांगतात. बेरीज क्वचितच कोणी मांडतो. ती होते १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपली बेरीज अशा १८४ परार्धांच्याही पुढे जाते. जगाचे आजचे गव्हाचे पीक नऊशे वर्षे साठविले, तरी ते पुरावयाचे नाही.

या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो. याच ६४१ च्या जोरावर ऑयलरने १७३२ साली फेर्मासारख्या थोर गणितज्ञाचा मूळ संख्यांविषयीचा एक अंदाज खोटा ठरविला. परंतु संसारी माणसाने ध्यानात ठेवावा असा गुण निराळाच आहे. पटावरच्या कोणत्याही घरातले दाणे, आधीच्या सर्व घरांतल्या एकूण दाण्यांहून एकाने जास्त असतात. एक, दोन, चार मिळून सात. पुढच्या घरात आठ!

“पैसे भरा, दोन सभासद आणा, ते दोघे आणखी दोन-दोन आणतील,” अशी निमंत्रणे घरोघर येतात. आणणारा परका नसतो. मेव्हणा असतो, शेजारच्या वहिनी असतात. नाही म्हणणे जड जाते. अशा वेळी पट आठवावा. २०११ च्या जनगणनेत सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या सुमारे ५८ लाख २५ हजार होती. एकापासून निघालेल्या साखळीच्या बावीस ओळींत ४१,९४,३०३ माणसे खपतात. तेविसाव्या ओळीला आणखी ४१,९४,३०४ हवीत. पाळण्यातली पोरे धरली, तरी तितकी उरत नाहीत. आणि भरलेल्या कोणत्याही ओळीशी साखळी तुटो, शेवटच्या ओळीतली माणसे वरच्या सर्वांहून एकाने अधिकच! म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांचे पैसे बुडणार. त्यात त्यांचा आळस नाही. तो अंकांचा धर्म आहे. १९७८ च्या कायद्याने अशा साखळ्यांना बंदी आहे, ती उगीच नव्हे.

आपल्या पूर्वजांना दुपटीचा हा स्वभाव चांगला ठाऊक असावा. दामदुपटीच्या नियमाप्रमाणे सावकाराला एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे. एकाचे दोन झाले की थांबायचे. पटाच्या दुसऱ्या घरातच त्यांनी सावकाराचा हात धरला होता.

यंदा फराळाच्या ताटाशेजारी असा एखादा कागद आला, तर पाहुण्यांना चिवडा आणखी वाढावा. सही मात्र करू नये.