आजोबांची सुरी

मंडळी, गेल्या महिन्यात आदोळीवर लिहिलं तेव्हा धारेच्या वस्तूंचा विषय संपला असं वाटलं होतं. पण चवथीला भाचा आला आणि मखराकडे बघण्याआधी त्याची नजर माडीवरच्या खुंटीला गेली.

"मामा, आजोबांची ती सुरी मी घेऊन जाऊ?"

भाचा न्यूझीलंडला असतो. तिथे हरणं मूळची नाहीत. एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांनी ती नेऊन सोडली, ती बेसुमार वाढली आणि रान खाऊ लागली. म्हणून तिथलं सरकार शिकारीचा परवाना फुकट देतं. मित्रांबरोबर तोही जातो.

आपल्याकडे उलट आहे. आमच्या वडिलांनी पोर्तुगीज अमदानीत पेडण्याच्या डोंगरात ठासणीच्या बंदुकीने डुकरं मारली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तेच केलं तर तुरुंग. हे आधीच लिहितो, कारण आपल्या भागात रात्री 'रानातलं' आणून गुपचूप वाटणारे अजून आहेत, आणि डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबटा तडफडतो. त्या कामासाठी सुरी कशी निवडावी हे कोणी मला विचारू नये.

तर ती सुरी खाली काढली. सात इंचाचं पातं, गुळगुळीत लाकडी मूठ. भाच्याला ती मर्दुमकीची खूण वाटत होती. मी त्याला विचारलं, "आजोबा आरतीला घुमट का वाजवत नव्हते, माहीत आहे?"

त्याला माहीत नव्हतं. ताईलाही अर्धंच माहीत होतं.

मुक्तीच्या आदल्या वर्षी, काळोखात, कंदिलाच्या उजेडात बाबा डुक्कर सोलत होते. हात चरबीने माखलेला. पातं हाडाला अडलं, जोर केला आणि मुठीवरून हात पुढे घसरून थेट धारेवर गेला. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. हळद दाबून फडकं बांधलं, जखम भरली, पण बोटं पुन्हा वाकली नाहीत. गावात त्यांच्यासारखा घुमट वाजवणारा नव्हता म्हणतात. मी कधी ऐकलाच नाही. (घुमटाला तेव्हा घोरपडीचं कातडं असे. तेही त्याच कायद्याने गेलं, आता बकऱ्याचं लावतात.)

भाचा बराच वेळ सुरी हातात धरून गप्प बसला. मग म्हणाला, "मग मला चांगली करून दे."

दुसऱ्या दिवशी डिचोलीच्या बाजूला एका लोहाराकडे गेलो. भाचा मोबाईलवर पात्यांची चित्रं दाखवू लागला. लोहाराने बघितलं न बघितलं केलं. "पातें मागीर पळय, आदीं मूठ पळय."

खरं आहे. बाबांच्या सुरीचं पातं मुठीत जेमतेम दोन इंच शिरलेलं, लाखेने चिकटवलेलं. नव्या सुरीत पोलाद मुठीच्या टोकापर्यंत आरपार घेतलं, दोन्ही बाजूंनी लाकूड लावून खिळे ठोकले. मुठीच्या पुढच्या टोकाला खाली एक गाठ ठेवली, बोट पुढे जाऊ नये म्हणून. दुमडणारी सुरी नकोच: सांध्यात रक्त-चरबी शिरते, ती निघत नाही, आणि जोर दिल्यावर सांधा दगा देतो.

पातं चारच इंच. भाच्याला लहान वाटलं. पण पोट फाडताना लांब टोक आतड्यात घुसलं की सगळं मांस नासतं. म्हणून टोक पाठीकडून खाली उतरतं ठेवायचं, वर उचललेलं नको. हाडं तोडायला कोयता आहे, सुरीने ते काम करू नये.

पोलाद गाडीच्या कमानपाट्याचं. धार छान धरतं, पाथरावर पटकन लागते. पण पावसाळ्यात एका रात्रीत गंजतं, आमसुलाचा रस लागला तर काळं पडतं. धुऊन, पुसून, खोबरेल लावायचं. ज्यांना हे जमत नाही त्यांनी स्टेनलेस घ्यावं, लाज नाही त्यात. धार लावताना पातं पाथराशी किती तिरपं? काटकोनाचा निम्मा, त्याचाही निम्मा, म्हणजे वीस-बावीस अंश. बोथट सुरीला जोर लागतो, आणि हात घसरतो तो जोरातच.

कायद्याचं एक: नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं हत्यार शस्त्रांच्या नियमात येतं, घरगुती आणि शेतीची वगळून. आपली चार इंची त्यात बसत नाही. विमानात ती खाली जाणाऱ्या सामानातच ठेवायची. आणि न्यूझीलंडला उतरताना वापरलेलं शिकारीचं सामान जाहीर करावं लागतं, म्हणून भाच्याने ती इथे एका कोंबड्यावरसुद्धा चालवू दिली नाही. ताईला राग आला, घरात कोंबा कापायचा होता.

बाबांची सुरी ताई टाकून दे म्हणत होती. मी तेल लावून परत खुंटीला अडकवली. भाचा जाताना तिचा फोटो घेऊन गेला, मुठीचाच.

पुढच्या महिन्यात पाथराविषयी. कोणाकडे जुना, झिजलेला असेल तर कळवा.