नाव सेवेचे, काम वेठीचे

सुशिक्षित घरातील माणूस आजारी पडला म्हणजे औषधाच्याही आधी ओळखीची शोधाशोध सुरू होते. कोणाचा मेहुणा डॉक्टर असतो, कोणाचा शेजारी रुग्णालयात नोकरीस असतो. कोणत्या खिडकीवर जावे, कोणता कागद पुढे करावा, हे घरबसल्या कळते. आता कन्नड तालुक्यातील पिशोरच्या एखाद्या शेतमजूर बाईस गरोदरपणी धाप लागू लागली, तर तिने कोणाचा मेहुणा शोधावा? रक्त कोठे तपासावयाचे, छत्रपती संभाजीनगरच्या ‘घाटी’त पाठविले तर केसपेपर कोठे मिळतो, जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रापुढे जाताना शिधापत्रिका का हवी, हे तिला सांगणारी आणि प्रसंगी बरोबर जाणारी बाई म्हणजे गावची ‘आशा’.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा साधारण हजार वस्तीमागे एक, गावातच राहणारी, अशी ही स्त्री नेमण्याचे ठरले. सरकारदरबारी तिचे नाव ‘स्वयंसेविका’. या एका शब्दाशीच आमचा तंटा आहे. स्वयंसेविकेस वेतन नसते, मोबदला असतो. आणि त्यातील बराचसा कामागणिक मोजला जातो. परिणाम उघड आहे. बाळंतपण, लसीकरण, क्षयरोग ही यादीतील कामे. परंतु एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याचा दमा कोणत्या रकान्यात बसवावयाचा? त्यास दवाखान्यात नेण्यात तिचा दिवस जातो, मजुरी बुडते, आणि नोंदवहीत काहीच उमटत नाही. ज्यास आधाराची गरज सर्वाधिक, त्याचीच वाट दाखविणे फुकटात पडावे, ही कोठली व्यवस्था?

पैसा आला की सेवाभाव जातो, असे काही सज्जन म्हणतात. आम्ही प्राध्यापक दरमहा वेतन घेतो. त्यामुळे विद्यादानाचे पुण्य उणे झाल्याची तक्रार याच सज्जनांनी आजवर केलेली नाही! दुसरे कोणी जामखेडचा दाखला देतात. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे काम आरंभिले व खेड्यांतील अल्पशिक्षित, कित्येक निरक्षर स्त्रियांस आरोग्यसेविका केले, हे खरे. परंतु तेथे त्या बाईस सतत शिक्षण मिळे, तिच्या शब्दास डॉक्टर मान देत, पाठीशी रुग्णालय उभे असे. येथे आशेस दवाखान्याच्या दारात ‘तू कोण?’ असे विचारले जाते. जामखेडचे नाव घ्यावयाचे, तर हा मानही घ्यावा.

२०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला. २०२४ च्या आरंभी याच राज्यातील आशा मुंबईच्या आझाद मैदानावर धरणे धरून बसल्या होत्या. पुढे राज्याने मोबदला वाढविला, हे आम्ही नाकारीत नाही. पण शब्द तोच राहिला, आणि शब्दाच्या आडोशाने पद, निवृत्तीची तजवीज व हक्काची रजा ही सारी बाहेरच राहिली. ती द्यावयाची तर तिजोरीवर भार पडेल, हे आम्हांसही कळते. तो भार आज कोणाच्या डोक्यावर आहे, हे अर्थखात्याच्या अधिकाऱ्यांनी एक दिवस पिशोरच्या आशेबरोबर वाड्यावस्त्या फिरून पाहावे.