आम्ही राजूरचे घडीवाले



राजूर म्हटलं की कुणाला अकोले तालुक्यातलं राजूर आठवतं, कुणाला राजुरेश्वर गणपतीचं. आम्ही दुसऱ्या राजूरचे, म्हणजे भोकरदन तालुका, जिल्हा जालना. आपापल्या शौकाची ओळख करून देणाऱ्या या सदरात या वेळी आमची पाळी आहे. आम्ही सहा जण आहोत : शिवणकाम करणाऱ्या एक खाला, एक निवृत्त मास्तर, किराणा दुकानात बसणारा एक तरुण आणि आठवी ते दहावीत शिकणाऱ्या तीन मुली. आमची संस्था नाही, वर्गणी नाही, दारावर पाटी नाही. सुट्टीच्या दिवशी असरनंतर खालांच्या ओसरीवर बसतो आणि कागदाच्या घड्या घालतो. एवढंच.

या कलेला जपानी भाषेत ओरिगामी म्हणतात. ‘ओरी’ म्हणजे घडी आणि ‘कामी’ म्हणजे कागद. एक चौकोनी कागद आणि दहा बोटं लागतात. कात्री नाही, डिंक नाही, वीज नाही, रिचार्ज नाही.

नाव परकं असलं तरी काम आपल्या ओळखीचं आहे. किराणा दुकानातली जिऱ्याची पुडी आठवा. दोरा न लावता ती सुटत नाही, कारण शेवटचं टोक आधीच्या घडीत खोचलेलं असतं. हकीमसाहेब चूर्णाची पुडी देतात, भेळवाला कागदाचा कोन करतो, मुलं पावसाच्या पाण्यात होडी सोडतात. प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात 2018 साली बंदी आली, तेव्हा रद्दीच्या पिशव्या करणाऱ्या बायकांना पुन्हा कुणीतरी विचारलं. हे सगळे घडीवालेच. फरक इतकाच की ते गरजेपोटी करतात आणि आम्ही शौकापोटी.

शौक म्हटला की बोलणी खावी लागतात. ‘ये क्या बच्चों का खेल लगाके बैठे?’ हे आम्ही सगळ्यांनी ऐकलंय. त्यामागे तीन प्रश्न असतात आणि तिन्ही खरे आहेत, म्हणून त्यांना सरळ उत्तर द्यायला हवं.

पहिला प्रश्न : कागद आणि वेळ वाया जात नाही का? आम्ही नवा कागद विकत घेत नाही. जुन्या वह्यांची कोरी पानं, लग्नपत्रिका, कॅलेंडरची उलटलेली पानं आणि औषधांच्या खोक्यांतल्या पातळ चिठ्ठ्या आम्हाला पुरतात. एक नियम मात्र आम्ही कडक पाळतो. ज्या कागदावर अल्लाहचं नाव किंवा कुरआनची आयत छापली असेल, तो घडीला घेत नाही. रमजानमधल्या पुरवण्या आणि लग्नपत्रिका यासाठी आधी चाळून वेगळ्या ठेवतो. वेळेचं म्हणाल तर मगरिबची अजान झाली की कागद गोळा होतात. मोबाइलचं तसं होत नाही, हे आयांनीच आम्हाला सांगितलं.

दुसरा प्रश्न जास्त नाजूक आहे : पक्षी, प्राणी बनवणं बरोबर आहे का? आमच्यातच यावर एकमत नाही. खाला सजीवाची आकृती करत नाहीत. मुली कधीकधी कागदी करकोचा करतात. यावर आम्ही वाद घालत नाही. मसअला विचारायचा तर आपल्या आलिमांना विचारावा, ते आमचं काम नाही. पण एक गोष्ट आम्ही अनुभवाने सांगतो. ज्यांना सजीवाची आकृती नको, त्यांच्यासाठी ही कला बंद होत नाही. डबी, पाकीट, चांदणी, अष्टकोन, जाळीचे नक्षीकाम हे सगळं शुद्ध भूमितीचं काम आहे. मशिदींच्या भिंतींवर आणि मकबऱ्यांच्या जाळ्यांत जे दिसतं त्याच्याच हे जवळचं. दहाव्या शतकात बगदादमध्ये अबुल वफा अल-बूजजानी नावाचे मोठे गणिती होऊन गेले. त्यांनी कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर एक किताब लिहिली. चौरस कसा कापावा, तुकडे जोडून नवा चौरस कसा करावा, हेही त्यात आहे. घड्यांचं ते पुस्तक नव्हे, पण हाताने काम करणाऱ्याला भूमिती शिकवावी हा विचार त्यात आहे.

तिसरा प्रश्न : याने पोट भरतं का? नाही भरत. तसं सांगून आम्ही कुणाला फसवणार नाही. याचा फायदा दुसरा आहे, आणि तो आमच्यातल्या एका मुलीच्या तोंडून ऐकण्यासारखा आहे. दहावीच्या गणित भाग दोनची, म्हणजे भूमितीची, तिला इतकी धास्ती होती की ‘दहावीनंतर बस्स’ असं ती स्वतःच म्हणू लागली होती. घरच्यांनाही ते सोयीचं वाटत होतं. मास्तरांनी तिला पुस्तक उघडायला सांगितलं नाही. कागदाचा एक त्रिकोण कापायला सांगितला. सर्वांत लांब बाजू खाली ठेवायची. वरचं टोक अशा घडीने खाली आणायचं की घडी तळाला समांतर राहील आणि टोक तळाच्या रेषेवर टेकेल. मग उरलेली दोन्ही टोकं त्याच बिंदूवर आणायची. तिन्ही कोन शेजारी बसतात आणि सरळ रेषा होते. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज 180 अंश का, हे तिने पाठ केलं नाही, पाहिलं. पुढे तिने विचारलं, ‘सर, बाकीचं पण असंच असतं?’ आता ती अकरावीच्या प्रवेशाबद्दल घरात बोलते. निर्णय अजून झालेला नाही, तुम्हीही दुआ करा.

‘बाकीचं पण’ कसं असतं त्याचा एक नमुना घ्या. चौरस कागदाच्या वरच्या बाजूचा मध्य खूण करून ठेवा. खालचा उजवा कोपरा उचलून त्या खुणेवर आणा आणि घडी दाबा. कागदाची खालची कड आता तिरपी होऊन डाव्या बाजूला जिथे ओलांडते, तो बिंदू डाव्या बाजूचे बरोबर एकास दोन भाग करतो. म्हणजे पट्टी न लावता बाजूचा तिसरा हिस्सा मिळतो. उजवीकडे वर जो छोटा काटकोन त्रिकोण तयार होतो, त्याच्या बाजू 3, 4, 5 या प्रमाणात असतात. पायथागोरसचं प्रमेय घडीतच सापडलं! ही युक्ती काझुओ हागा या जपानी जीवशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते.

आपल्या देशात ही वाट फार आधी एकाने दाखवली होती. मद्रासच्या तंडलम सुंदर राव यांनी 1893 मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक छापलं. जर्मनीचे नामवंत गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि 1901 मध्ये ते शिकागोहून पुन्हा निघालं. खुद्द जपानमध्ये या कलेला नवं रूप देणारे अकिरा योशिझावा (1911-2005) हे कारखान्यात काम करायचे. तिथल्या नव्या कामगारांना भूमिती समजावी म्हणून ते घड्या वापरत. जालन्याच्या कारखान्यांत राबणारे आपले भाऊ हे वाचतील, त्यांच्यासाठी मुद्दाम सांगितलं. आता ही विद्या अंतराळातही पोचली आहे. कोर्यो मिउरा यांच्या घडीने दुमडलेलं सौरफलक जपानने 1995 मध्ये उपग्रहावरून पाठवलं. एका झटक्यात उघडणारी, एका झटक्यात मिटणारी ती घडी मास्तरांनी आम्हाला शिकवली. आमची अजून नीट जमत नाही.

आणि कागद? तो तर आपल्या घरचाच. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागद बनू लागला. ‘रीम’ हा शब्द अरबीतल्या ‘रिज्मा’, म्हणजे गठ्ठा, यावरून आला आणि ‘कागद’ फारसीतून. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतं. तिथे कागजी घराण्यांनी पिढ्यान्पिढ्या हाताने कागद बनवला. तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली तेव्हापासूनचा तो हुन्नर, असं सांगतात. वेरूळला जाल तेव्हा तिथे जरूर थांबा, मुलांना दाखवा.

आता एक करून पाहण्यासारखं : खजुरासाठी डबी. 20 सेंटिमीटरचा चौरस घ्या. (वहीचं पान आयताकृती असेल तर एक कोपरा समोरच्या कडेवर आणून जादा पट्टी काढून टाका.) आडवी आणि उभी मधली घडी घालून उघडा. चारही कोपरे मध्यबिंदूवर आणा. वरची आणि खालची कड मध्यरेषेपर्यंत दुमडून उघडा, तसंच डावी-उजवी. आता डावा आणि उजवा कोपरा पूर्ण उघडा. वरची-खालची भिंत उभी करा. डावी बाजू उचलताना कोपऱ्यातल्या तिरप्या घड्या आत ढकला, टोक भिंतीवरून आत आणून मध्यबिंदूवर दाबा. उजवीकडे तेच. सुमारे 7 सेंटिमीटर तळाची आणि साडेतीन उंचीची डबी तयार. झाकण हवं असेल तर बाजूला अर्धा सेंटिमीटर मोठा दुसरा चौरस घ्या.

पहिली डबी वाकडी होते, आमच्याही झाल्या. घडी बोटाने नीट दाबा, नखाने रेघ ओढा आणि कोपऱ्याला कोपरा मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढचं शिकायचं असेल तर अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी शिकवणारी पुस्तकं सगळ्यांना फुकट खुली ठेवली आहेत, मराठीतही आहेत. मुंबई-पुण्याकडे ‘ओरिगामी मित्र’ हा हौशी लोकांचा गट प्रदर्शनं भरवतो. जमलं तर जाऊन या.

आणि तुमच्या गावात घडी घालणारं कुणी असेल, एखादी नानी, एखादा पुडी बांधणारा दुकानदार, तर त्यांच्याजवळ बसा आणि शिकून घ्या. इन्शाअल्लाह या ईदला शेजारच्या घरी खजूर घरातल्या मुलीच्या हातच्या डबीतून जातील, आणि तिला विचारलं तर ती सांगेल की तळ सातच सेंटिमीटरचा का झाला.