मानसशास्त्राची वाट : कोणाच्या स्वभावाला मानवते?

बारावीचा निकाल लागला की व्यापारी घरांतून सनदी लेखापाल, औषधनिर्माणशास्त्र, व्यवस्थापन यांची चर्चा रंगते. एखाद्या मुलीने मानसशास्त्राचे नाव काढले, तर वडीलधारी मंडळी विचारतात, "वेड्यांचा डॉक्टर होऊन काय करणार?" मुळात मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ वेगळे. मानसोपचारतज्ज्ञ वैद्यकीय पदवीधर असतो आणि औषधे देतो. मानसशास्त्रज्ञ संवाद, चाचण्या व समुपदेशन यांच्या आधारे काम करतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम व नोंदणी लागते.

बीड जिल्ह्याला अशा माणसांची निकड किती आहे, हे मोंढ्यात बसणाऱ्यांना निराळे सांगायला नको. पावसाने ओढ दिली किंवा कापसाचा भाव पडला, की त्याची पहिली नोंद दुकानाच्या उधारीत होते. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे लेकरांना आजी-आजोबांकडे ठेवून महिनोन्‌महिने परमुलखात राहतात. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या १४ जिल्ह्यांसाठी शासनाने २०१५ साली 'प्रेरणा प्रकल्प' हाती घेतला, त्यांत बीडचा समावेश आहे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस'ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा रात्रंदिवस चालते. परंतु योजना कोणतीही असो, तिचे यश ऐकणाऱ्या माणसावर अवलंबून असते.

त्या माणसाचा पहिला गुण म्हणजे धीराने ऐकणे. गिऱ्हाइकाने तोंड उघडण्याआधीच त्याची गरज ओळखावी, हे दुकानातले चातुर्य. समुपदेशनात मात्र त्याला आवर घालावा लागतो. "झोप लागत नाही" म्हणणाऱ्याला तत्काळ उपाय सुचवला, तर त्याच्या मनातले कर्ज किंवा घरातला कलह न बोललेलाच राहतो. जगण्याचा वीट आल्याचे कोणी सूचित केले, तर "जीव देण्याचा विचार मनात येतो का?" असे शांतपणे, स्पष्ट विचारण्याचे धैर्यही हवे. विचारल्याने तसा विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे.

दुसरा गुण गुप्तता राखण्याचा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असल्यासारखे मोजके प्रसंगच त्याला अपवाद. जिथे अर्धे गाव नात्यातले, तिथे ही कसोटी कठीण असते. लग्नकार्यात भेटलेल्या माणसाविषयी चेहऱ्यावर ओळखीपलीकडचे काही उमटता कामा नये. एकाचे खाते दुसऱ्याला न दाखवण्याची पेढीची शिस्त ज्या घरात मुरलेली आहे, तिथल्या मुलांना याचा पहिला धडा घरीच मिळतो.

तिसरा गुण करुणेला तटस्थतेची जोड देण्याचा. मैत्री, प्रमोद, करुणा आणि माध्यस्थ्य या चार भावना जैन घरांत लहानपणापासून कानांवर पडतात. त्यांतील शेवटच्या दोन या व्यवसायात रोज लागतात. समोरच्याच्या दुःखात वाहून जाणारा त्याला हात देऊ शकत नाही आणि त्याच्या वर्तनाचा न्यायनिवाडा करू लागणाऱ्यासमोर कोणी मन उघडत नाही. स्वतःचे दुःख उकलण्यासाठी या विद्येकडे वळणाऱ्याने आधी स्वतः मदत घ्यावी, हे उत्तम. याखेरीज संख्याशास्त्र व संशोधनपद्धती यांचा कंटाळा नसावा. या अभ्यासात त्यांचा वाटा मोठा आहे.

हे गुण गुणपत्रिकेत दिसत नाहीत. ते आईवडिलांनीच पाहायचे असतात. भावंडे आपले गुपित कोणाजवळ सांगतात? सांगितलेली गोष्ट तिथेच राहते का? भांडणात दोन्ही बाजू ऐकून घेण्याइतका संयम त्या मुलात वा मुलीत आहे का? उत्तरे होकारार्थी असतील, तर प्रवेशापूर्वी एखाद्या अनुभवी समुपदेशकाशी मुलांची भेट घडवून आणावी. शिक्षण दीर्घ आहे आणि आरंभीची मिळकत दुकानाच्या गल्ल्याशी तुलना करण्याजोगी नसते, हेही त्याच वेळी मोकळेपणी बोलावे. एवढे समजून उमजूनही मूल ठाम राहिले, तर घराने त्याच्या पाठीशी उभे राहावे.