संसाराचा हिशेब : एक उसनवारी, दोन संसार

गेल्या ज्येष्ठातली गोष्ट. पावसाची पहिली सर पडून गेली की आमच्या पाचाडच्या रानात शेवळं वर येतात आणि दोन-चार दिवसांत कातकरणी पाट्या घेऊन दारात उभ्या राहतात. आमची नेहमीची बाई आली. शेवळांच्या जुड्या आणि सोबत खाज मारायला मूठभर काकडं. (काकडं न घालता शेवळं केलीत, तर घसा काय म्हणतो ते माहीतगार मैत्रिणींना सांगायला नकोच!) तिनं जुडीचे तीस रुपये सांगितले. मी सवयीनं म्हटलं, "वीसनं दे, दोन घेते." थोडी ओढाताण झाली, तिनं दिल्या, आणि वीस रुपये वाचवल्याच्या आनंदात मी आत आले.

त्याच दुपारी महाडला पेठेत गेले. महिन्याचा किराणा भरला. दुकानदारानं आकडा सांगितला, मी मुकाट्यानं नोटा मोजल्या. घासाघीस नाही की काही नाही. परतताना एसटीत बसल्यावर मनात आलं, पहाटे काट्याकुट्यांतून फिरून जिनं भाजी आणली तिच्याशी वीस रुपयांसाठी वाद घातला. पंख्याखाली बसून पुडा देणाऱ्याला मात्र एक शब्द बोलले नाही. हा कुठला न्याय?

त्याच आठवड्यात आमची भिशी होती. चहा झाला, चिठ्ठी निघाली, आणि गप्पांत एक वहिनी म्हणाल्या, "पेठेतले ते दुकानदार बघा. आजोबा राजस्थानातून आले तेव्हा म्हणे अंगावरच्या कपड्यांनिशी आले होते. आज तीन दुकानं, वर माडी. आणि आपले कातकरी? पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, तरी अजून कुडाच्या झोपडीत. कष्टच नकोत हो त्यांना. मिळालं की उडवलं!" सगळ्यांनी माना डोलावल्या. खोटं कशाला सांगू, मीही डोलावली. पण घरी आल्यावर ती शेवळं, काकडं घालूनसुद्धा, घशाशी खाजायला लागली. डोंगर, रान, कंद, भाजी ज्यांना तोंडपाठ ते उपाशी, आणि परमुलखातून आलेला चार पैसे गाठीला बांधतो. असं का व्हावं?

मैत्रिणींनो, आपल्याला अर्थशास्त्र येत नसेल, पण घरखर्चाची वही येते. तीच उघडून बसले. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. पद्धत मात्र खरी आहे.

समजा, दोन माणसांनी प्रत्येकी २५,००० रुपये उसने घेतले. पहिला आहे नव्यानं आलेला दुकानदार. त्याला पैसे दिले चुलत्यानं किंवा गाववाल्यानं. व्याज नाही, किंवा असलं तरी घरातलं. वर ओळखीच्या घाऊक व्यापाऱ्यानं दोन महिन्यांच्या उधारीवर माल दिला. पहिली काही वर्षं तो दुकानातच झोपला, बायकोनं एका स्टोव्हवर सहा माणसांचा स्वयंपाक केला. कष्ट खरेच, ते कोणी नाकारू नये. पण वर्षअखेर त्याच्या वहीत काय राहिलं? फळीवर माल राहिला, गिऱ्हाईक राहिलं आणि बाजारात पत राहिली. एखादं वर्ष बुडालं, तरी दुसरा चुलता होता.

दुसरा आहे कातकरी नवरा-बायकोचा जोडा. त्यांनाही २५,००० मिळाले, पण ते मुकादमाकडून, पावसाळ्यात. या रकमेला 'उचल' म्हणतात. आषाढ-श्रावणात हाताला काम नसतं, पोर आजारी पडतं, घरात तांदूळ नसतो. म्हणजे उचल आली ती पोटात गेली. दिवाळीनंतर मुकादमाची गाडी येते आणि जोडा पोराबाळांसकट वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातो. सहा महिन्यांत समजा कागदावर ६०,००० रुपयांचं काम झालं. आठवड्याला खायला 'खर्ची' मिळते; ती १,२०० धरली तर सव्वीस आठवड्यांचे ३१,२०० झाले. त्यात उचलीचे २५,००० आणि आजारपणाचे ५,००० मिळवा. एकूण ६१,२००. म्हणजे सहा महिने माती तुडवून, विटा थापून, हाती उलट १,२०० रुपयांचं देणं! ते फेडायला पुढच्या साली तिथेच जायचं. शिवाय वही असते मालकाकडे, आणि जोड्याला वाचता येत नाही.

आता सांगा, कष्ट कोणी कमी केले? उसने पैसे दोघांनीही घेतले. एकाच्या पैशानं माल घेतला, दुसऱ्याच्या पैशापायी येणारे सहा महिने विकले गेले. अशा प्रकारे माणूस बांधून ठेवायला १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं मनाई केली. पण पोट बांधलेलं असलं की दोरखंड लागत नाही.

आणि इथेच मला आपली भिशी आठवली. भिशी म्हणजे तरी काय? विश्वासातल्या बारा जणींनी एकमेकींना दिलेलं बिनव्याजी भांडवल. मी पहिल्या महिन्यात चिठ्ठी उचलली तर उरलेल्या अकरा जणी माझ्यावर भरवसा ठेवतात, कारण माझ्या घरात दर महिन्याला पगार येतो. परमुलखातून आलेल्या व्यापाऱ्याची ज्ञाती ही त्याची मोठी भिशीच असते. अंगावरच्या कपड्यांनिशी आला तरी ती भिशी त्याच्या पाठीशी असते. कातकरी वाडीत बाराच्या बारा जणींचा डबा आषाढात एकदमच रिकामा होतो. कोणी कोणाला द्यायचं?

आपण स्वतःला तरी यातून का वगळावं? महाड-पोलादपूरची किती घरं मनीऑर्डरीवर उभी राहिली! आपले आजे-सासरे गिरणीत गेले तेव्हा ते मुंबईत परकेच होते. पण तिथे गावकीची खोली होती, एकाच्या ओळखीनं दुसरा गिरणीत चिकटत होता, खाणावळवाली महिनाभर थांबत होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ती साखळी तुटली, तेव्हा कष्टाळू माणसंसुद्धा कशी उघडी पडली, हे आपल्या घरांनी पाहिलं आहे. बाहेरून येणारा प्रत्येक जण वर चढतो असंही नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीत उत्तरेकडून आलेले कंत्राटी कामगार एकेका खोलीत दाटीवाटीनं राहतात, तेही आलेलेच. ज्याच्या पाठीशी कोणी आहे त्याला बाहेरचं गाव मानवतं. ज्याच्या पाठीशी कोणी नाही त्याला स्वतःचं गावही परकं.

खरं म्हणजे आम्ही पाचाडवाले सगळे कधी ना कधी आलेलेच. ज्यांच्या समाधीमुळे आमच्या गावाचं नाव महाराष्ट्रभर झालं त्या जिजाऊ मांसाहेबसुद्धा विदर्भातल्या सिंदखेडराजाच्या, आणि १७ जून १६७४ ला त्यांनी देह ठेवला तो इथे. आल्यागेल्याचं वावडं या मातीला कधी नव्हतंच. प्रश्न आहे तो ज्यांचं रान होतं त्यांचा.

जेवणानंतर आपण विड्याला कात लावतो ना, तो खैराच्या झाडापासून काढणारे ते कातकरी. १८७८ च्या कायद्यानं रानं सरकारी झाली आणि कात पाडणं हा एका दिवसात गुन्हा होऊन बसला. घरातच माणूस पाहुणा झाला. २५ सप्टेंबर १९३० ला आपल्याच जिल्ह्यात, उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. त्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी हे नाव आहे. रानासाठी प्राण दिला, पण रान मिळालं नाही. पुढे कुळकायदा आला. १ एप्रिल १९५७ ला कसणारा जमिनीचा मालक झाला, पण सातबाऱ्यावर कूळ म्हणून ज्याचं नाव लागलं होतं तोच. ज्यांचं नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं ते होते तिथेच राहिले. आजही कित्येक वाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर उभ्या आहेत. १५ नोव्हेंबर २०२३ पासून केंद्राच्या जनमन योजनेत अशा जमातींना पक्की घरं द्यायचं ठरलं. चांगलं आहे. पण घर बांधायचं कोणाच्या जागेत?

सर्वांत कडू विनोद दाखल्याचा. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी आपलं कुटुंब १९५० सालाच्या आधीपासून इथे राहतं याचा कागद लागतो. म्हणजे या मुलखातल्या सर्वांत जुन्या माणसानं, मी जुना आहे, हे सिद्ध करायचं! आजा शाळेत गेला नाही, बापाला जमीन नव्हती. कागद आणायचा कुठून?

माझी भाची कॅनडात टोरांटोला असते. फोनवर तिला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मावशी, इथे तो पेठेतला दुकानदार म्हणजे आम्हीच!" १९६७ पासून कॅनडा बाहेरच्यांना शिक्षण, वय, भाषा यांचे गुण मोजून आत घेतो. म्हणजे तिथे पोचणारा आधीच शिकलेला असतो. भाचीला काही वर्षांत घरासाठी कर्ज मिळालं. तिथल्या मूळ रहिवाशांच्या राखीव जमिनी मात्र १८७६ च्या कायद्यानं सरकारच्या नावावर ठेवल्या, त्यामुळे जमीन तारण ठेवून बँकेचं कर्ज मिळणं अवघड. त्यांची मुलं आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंडली. त्याबद्दल ११ जून २००८ ला तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. तिथेही पार्ट्यांमधून 'या लोकांना काम नको' असं बोलतात म्हणे. आपली माणसंसुद्धा! सात समुद्रांपलीकडे गेलं तरी भिशीतली वाक्यं तीच.

मग आपण काय करावं? मोठमोठ्या गोष्टी नकोत, घरातून निघताच करता येतील अशा सांगते.

पहिली, पाटीवालीशी भाव करणं सोडा. दुकानात छापील किंमत देतो, तसा तिचा शब्द ही तिची छापील किंमत समजा.

दुसरी, ओळखीच्या बाईला रेशनकार्डाचं विचारा. कातकरी ही आपल्या राज्यातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. अशा कुटुंबांना अंत्योदय योजनेत महिना ३५ किलो धान्य मिळायला हवं. पिवळं कार्ड नसेल तर तलाठी किंवा तहसील कचेरीत अर्ज करायला सोबत जा. अर्ज लिहायला आपल्याला दहा मिनिटं लागतात, तिचा दिवसाचा रोज बुडतो. कार्ड आधारशी जोडलेलं असेल तर भट्टीच्या गावच्या दुकानातही धान्य घेता येतं. हे पुष्कळ जणींना माहीत नसतं.

तिसरी, २००६ च्या वनहक्क कायद्यानं १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली वनजमीन आदिवासी कुटुंबाच्या नावे होऊ शकते, आणि लग्न झालेलं असेल तर ती नवरा-बायको दोघांच्या नावे करावी लागते. वाचलंत ना? दोघांच्या! आपल्यापैकी किती जणींचं नाव राहत्या घराच्या कागदावर आहे, तेही या निमित्तानं कपाट उघडून बघा.

मी स्वतः काय केलं? मोठंसं काही नाही. त्या बाईला पावसाळाभराच्या भाज्यांचे पाचशे रुपये आधीच दिले. टाकळा, भारंगी, कंटोळी येतील तशी आणायची, तिनं सांगितलेल्या भावानं. माझ्या पाचशांनी मुकादमाची वाट बंद होणार नव्हती, आणि झालीही नाही. श्रावणात तिचा नवरा तापानं आडवा झाला आणि तिनं उचल घेतली. दिवाळी झाल्यावर ती निरोप घ्यायला आली.

"वयनी, पोरीला आश्रमशाळेत ठेवलीय. तिला नाय नेत औंदा." एवढं बोलून तिनं पदराखालून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला जुडगा काढला. पोरीच्या दाखल्याचा अर्ज, वनजमिनीच्या दाव्याची पोच, नवऱ्याचं एक जुनं पत्र. "झोपडं गळतं. उंदीर पण हायत. तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या." रेशनकार्ड मात्र तिनं सोबत घेतलं, भट्टीच्या गावच्या दुकानात दाखवायला.

पिशवी मी कपाटात ठेवली, आमच्या घराच्या खरेदीखताशेजारी. ती परत येईल ज्येष्ठात, शेवळं निघतील तेव्हा. तोवर पुढच्या भिशीत कोणी 'कष्टच नकोत यांना' म्हणाल्या, तर मान डोलावण्याआधी मी त्यांना ही वही दाखवणार आहे. तुम्हीही दाखवा.