जीवनार्थ कलह आणि दोन बेडूक

‘जीवनार्थ कलह’ हे शब्द उच्चारतांच आमच्या विद्यार्थ्यांच्या मनापुढें नखें, दांत आणि रक्तपात उभे राहतात. बलिष्ठ प्राणी दुर्बळास खातो, एवढ्यावरच उत्तरपत्रिकांत उत्क्रांतितत्त्वाची बोळवण होते. हा समज फार अपुरा आहे, असें आमचें मत आहे. आणि त्यासाठीं आम्ही वाचकांस अमेरिकेंतील आरिझोना संस्थानाच्या आग्नेय कोपऱ्यांत नेऊं इच्छितों.

तेथें जुलैच्या सुमारास वळीव पडला, कीं जमिनींत दडलेले बेडूक बाहेर येऊन थोडक्या दिवसांच्या डबक्यांत अंडीं घालतात. मागल्या पायांवरील फावड्यासारख्या कठीण कडेनें ते माती उकरतात. त्यांच्या दोन जाती: एक मैदानी, दुसरी मेक्सिकन. दोहोंच्याही बेडूकमाशांस दोन रूपें घेतां येतात. एक रूप तळचा गाळ व सूक्ष्म जीव यांवर राहतें. दुसऱ्याचे जबडे बळावतात व तें जवळ्यासारखे दिसणारे बारीक जलचर, प्रसंगीं आपले भाईबंदसुद्धां, गट्ट करतें. एकच जात असेल तेथें दोन्ही रूपें आढळतात. परंतु दोन्ही जाती एकत्र आल्या म्हणजे मैदानी बेडूकमासे बहुतेक सर्व मांसाहारी, आणि मेक्सिकन बहुतेक सर्व गाळ खाणारे होतात. डेव्हिड फेनिग व त्यांचे सहकारी यांनीं हें २००० सालीं प्रसिद्ध केलें.

येथें एका जातीनें दुसरीस हांकलून दिलें नाहीं. जलचर टिपण्यांत मैदानी जात सरस; म्हणून त्याच मार्गास लागणारे मेक्सिकन मागें पडत, आणि गाळाकडे वळणाऱ्यांची संतति अधिक तगे. पिढ्यानुपिढ्या असें होत होत दोन सारख्या जाती परस्परांपासून दूर गेल्या. अतिशय सारख्या प्राण्यांतच चढाओढ तीव्र असते व तींतून भेद वाढतो, हें डार्विननें १८५९ सालींच मांडलें होतें. १९५६ मध्यें ब्राऊन व विल्सन यांनीं त्यास ‘लक्षणविस्थापन’ अशा अर्थाचें नांव दिलें.

मात्र कांहीं सज्जन पालक यावरून म्हणतील, “पाहा, बेडकांनीं कशी सामोपचारानें वांटणी केली!” तेंही आम्हांस मान्य नाहीं. बेडकांत तह होत नसतात. मैदानी जातीशीं जेथें गांठ पडते, तेथील मेक्सिकन बेडूक आकारानें लहान भरतात, असें डेव्हिड व कॅरिन फेनिग यांनीं २००५ सालीं दाखविलें. सरस अन्न दुसरीच्या ताब्यांत राहिलें. या जातीस जगतां आलें, परंतु लहान होऊन.